वाढत्या वयातील खेळदुखापती: नव्या पालकांसाठी आणि क्रीडाशिक्षकांसाठी मार्गदर्शक

बारा वर्षांच्या मुलाचा घोटा मैदानावर सुजला, की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘मुरगळला’. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. वाढत्या वयातल्या मुलाच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा चुकतो, आणि ही चूक महागात पडू शकते, कारण जी दुखापत आपण लचक म्हणून चोळत बसतो ती हाडाच्या वाढणाऱ्या भागाची असू शकते. मूल नुकतेच क्रिकेट, खो-खो, कबड्डी, फुटबॉल किंवा मल्लखांब खेळू लागले आहे अशा पालकांसाठी, आणि क्रीडावर्गाची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या शिक्षकांसाठी, पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. त्या वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. तपासणी केव्हा हवी, तोवर काय करावे आणि मुळात दुखापत होऊच नये यासाठी घरी आणि मैदानावर काय सांभाळावे, एवढेच त्या सांगतात.

पहिली पायरी: वाढपट्टी म्हणजे काय ते समजून घ्या

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात; या लेखात आपण त्याला वाढपट्टी म्हणू. हाडाची लांबी इथेच वाढते. मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये साधारण १५ ते १७ वर्षांच्या सुमारास बहुतेक वाढपट्ट्या हाडात रूपांतरित होऊन बंद होतात. तोवर सांध्याजवळचा सर्वांत कच्चा दुवा हीच पट्टी असते. दोन हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध तिच्यापेक्षा मजबूत असतात. त्यामुळे ज्या झटक्याने मोठ्यांचा अस्थिबंध ताणला जातो, त्याच झटक्याने मुलाची वाढपट्टी सरकते किंवा तिला तडा जातो.

सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी १९६३ मध्ये या दुखापतींचे पाच प्रकार सांगितले, आणि अस्थिरोगतज्ज्ञ आजही तीच विभागणी वापरतात. पालकांनी त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: पहिल्या प्रकारातली इजा क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसतच नाही. म्हणून चित्र ‘नॉर्मल’ आले तरी हाडाच्या टोकावर बोट ठेवताच मूल कळवळत असेल, तर डॉक्टर ती वाढपट्टीची दुखापत समजून पाय किंवा हात स्थिर ठेवायला सांगतात. ‘फोटोत काही नाही, तरी प्लास्टर कशाला?’ असा प्रश्न अशा वेळी मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हेच आहे.

मुलांच्या हाडांचा दुसरा विशेष म्हणजे ती ओली असतात. वाळकी काठी कडकन मोडते, पण ओली डहाळी वाकते आणि एका बाजूने चिरते. मुलांची हाडेही अशीच अर्धवट मोडतात. त्यामुळे बोटे हलतात, सूज बेताची असते आणि तरीही हाड मोडलेले असते. ‘हात हलतोय, म्हणजे हाड मोडलेले नाही’ ही आपल्याकडची समजूत पूर्णपणे चुकीची आहे.

दुसरी पायरी: एक वही घाला आणि दाराच्या चौकटीवर उंची मोजा

माझ्या मते संपूर्ण प्रतिबंधात सर्वांत जास्त फळ देणारी आणि सर्वांत कमी केली जाणारी गोष्ट हीच आहे. मूल सकाळी अकादमीत, दुपारी शाळेच्या संघात, संध्याकाळी सोसायटीच्या आवारात आणि रविवारी एखाद्या स्पर्धेत खेळते. अकादमीच्या प्रशिक्षकाला शाळेचे माहीत नसते, शाळेच्या शिक्षकांना रविवारचे माहीत नसते, आणि प्रत्येकाला आपल्यापुरता सराव माफकच वाटतो. एकूण बेरीज करू शकेल अशी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे पालक. म्हणून रोजचा खेळ किती तास झाला, किती चेंडू टाकले, कुठे दुखले, एवढ्या तीन नोंदी वहीत करा. सरावातले चेंडूही मोजा, कारण पाठीच्या कण्याला सराव आणि सामना यांतला फरक कळत नाही.

हिशेबासाठी काही मोजमापे हाताशी असू द्यावीत. संघटित खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलासाठी अकरा तासांपर्यंत. आठवड्यातून किमान एक, शक्यतो दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी. एकाच खेळाचा सराव वर्षभर अखंड न करता वर्षातून एकूण दोन-तीन महिने त्या खेळापासून सुटी मिळावी. ती सलग नसली तरी चालते. या सुटीत मुलाने पोहावे, सायकल चालवावी, लगोरी किंवा लंगडी खेळावी. फक्त रोज तोच सांधा त्याच तऱ्हेने वापरला जाऊ नये. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण आणि तालुका, जिल्हा, विभाग अशी चढत जाणारी शालेय स्पर्धांची रांग यांमुळे सुटी घेणे पालकांना कठीण वाटते, हे मला ठाऊक आहे. तरीही वाढपट्टी स्पर्धांच्या वेळापत्रकाप्रमाणे भरून येत नाही.

त्याच वहीत दर तीन महिन्यांनी उंची लिहा. एरवी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारे मूल तीन महिन्यांतच दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढले, तर उंचीची झपाट्याची वाढ सुरू झाली असे समजावे. मुलींमध्ये हा वेग साधारण १२व्या आणि मुलांमध्ये साधारण १४व्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो. हाडे लांब होतात, स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे पडून ताणल्या जातात, आणि काल सहज जमणारी उडी आज अडखळते. मूल आळशी झाले, त्याचे लक्ष उडाले, असे प्रशिक्षक म्हणू लागतात तो काळ पुष्कळदा हाच असतो. या महिन्यांत सराव वाढवू नये, उड्या आणि वेगवान गोलंदाजी कमी करावी, तंत्र, तोल आणि लवचिकता यांवर भर द्यावा.

तिसरी पायरी: खेळाआधीची वीस मिनिटे

मैदानाला दोन फेऱ्या मारून हातपाय झटकणे म्हणजे पुरेशी पूर्वतयारी नव्हे. ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी फुटबॉलमध्ये ‘फिफा ११ प्लस किड्स’ नावाचा कार्यक्रम तयार करण्यात आला. त्यात धावण्याचे छोटे खेळ, एका पायावर तोल सांभाळणे, दोन्ही गुडघे वाकवून हलके उतरणे, पोट आणि पाठीचे बळ वाढवणे आणि कोलांटी घेत पडण्याचे तंत्र, इतक्याच गोष्टी आहेत. चार युरोपीय देशांतील मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा कार्यक्रम करणाऱ्या संघांमध्ये दुखापती ४८ टक्के कमी आढळल्या. यासाठी कुठलेही साहित्य लागत नाही. कबड्डी आणि खो-खोच्या मुलांनाही हेच व्यायाम उपयोगी पडतील, विशेषतः उडी मारून उतरताना गुडघा आतल्या बाजूला कोसळू न देण्याची सवय. शिक्षकांनी मुलाला समोर उभे करून चार-पाच उड्या मारायला लावाव्यात. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर ते लगेच दिसते, आणि सरावाने सुधारतेही.

मैदान स्वतः चालून पाहावे: खडे, काचा, खड्डा, खो-खोच्या खांबाचा सैल झालेला पाया, मल्लखांबाखालची विरळ झालेली गादी. ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून एक माप मोठे घेतलेले बूट घोट्याला घातक असतात. मातीत अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत १० आणि १६ व्या वर्षीची धनुर्वातप्रतिबंधक लस झाली आहे ना, हे लसपत्रिकेत तपासावे.

एप्रिल-मेच्या शिबिरांत सराव सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर ठेवावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे. अंग तापलेले असून मूल असंबद्ध बोलू लागले किंवा त्याचा झोक जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतून वारा घालायला लागावे आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थंड करणे थांबवून गाडीची वाट पाहू नये.

चौथी पायरी: दुखापत झाल्यावर पहिली दहा मिनिटे

खेळ थांबवा. मुलाला ओढून उभे करू नका; ते आपण होऊन उठते का, ते पाहा. मान किंवा पाठ दुखते असे म्हणत असेल, किंवा हातापायांत मुंग्या येत असतील, तर त्याला अजिबात न हलवता मदत बोलवा. तसे नसेल तर दुखऱ्या भागाचे नीट निरीक्षण करा, दुसऱ्या बाजूशी तुलना करा आणि एका बोटाने हळूच चाचपा. मऊ भागात दुखते की हाडावरच नेमके दुखते, हा फरक नंतर डॉक्टरांना सांगायचा असतो.

हात किंवा पाय वाकडा दिसत असेल तर तो सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. मनगटातले कडे, बांगड्या, दोरा, बोटातली अंगठी लगेच काढावी, कारण सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. जाड पुठ्ठा किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र खपचीसारखे लावून, वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहतील अशा बेताने, ओढणीने किंवा रुंद पट्टीने सैलसर बांधावे. हाताला झोळी द्यावी. हाड मोडल्याची दाट शंका असेल तर खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. झाडावरून किंवा मल्लखांबावरून पडून कोपर सुजले असेल, तर बोटे पांढरी, थंड किंवा बधिर पडली आहेत का, ते दर काही मिनिटांनी पाहत राहावे. कोपराच्या वरच्या भागातल्या मोडीत रक्तवाहिनी दाबली जाऊ शकते आणि अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो.

साधा मुका मार किंवा लचक वाटत असेल, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे, दर दोन-तीन तासांनी लावावा. तो थेट कातडीवर ठेवू नये. क्रेप बँडेज बांधून पाय उंच ठेवावा. बर्फाने वेदना कमी होतात, इजा लवकर भरून येत नाही, हे लक्षात असावे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे चौकडीचे सूत्र १९७८ मध्ये मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे २०१४ मध्ये, बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे लिहिले. म्हणून दोन दिवसांनंतर, दुखत नाही इतपत हालचाल सुरू करावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक, जोराचे चोळणे आणि तेलमालिश टाळावी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. आणि वेदनाशामक देऊन मुलाला सामन्यात उतरवणे तर कधीही करू नये, कारण वेदना ही त्याच्या शरीराची एकमेव राखण असते.

दात निखळून पडला आणि तो कायमचा असेल, तर मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाने उचलावा, दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात परत बसवू नये.

डोक्याला मार लागला तर नियम एकच आहे: शंका आली तरी त्या दिवसाचा खेळ संपला. बेशुद्ध पडले नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, असे होत नाही. गोंधळलेली नजर, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणे, नंतरची चिडचिड, यांतले एकही लक्षण पुरेसे आहे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, जागे करणे अवघड जाणे, फिट येणे, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, एखाद्या बाजूची दुर्बलता दिसली तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पुढचे एक-दोन दिवस हलकी विश्रांती आणि कमीत कमी मोबाइल असावा. मग आधी शाळा पूर्ववत व्हावी, त्यानंतर हळूहळू व्यायाम सुरू करावा, आणि धडकेचा खेळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

पाचवी पायरी: डॉक्टर कधी, आणि हाडवैद्याकडे का नको

जखमी पायावर मूल चार पावलेही टाकू शकत नसेल, हाडावर नेमके एका जागी दुखत असेल, अवयव वाकडा दिसत असेल, सूज तासाभरात भराभर वाढली असेल किंवा दोन दिवसांनंतरही लंगडणे कायम असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढपट्टीची मोड जुळल्यावरही काही महिने, कधी वर्षभर, डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावतात, कारण वाढ थांबली किंवा तिरकी झाली तर ते उशिराच कळते. दुखणे थांबले म्हणून या भेटी चुकवू नयेत.

आपल्याकडे गावोगावी हाडवैद्याकडे जाऊन लेप लावून बांबूच्या कामट्या घट्ट बांधून घेण्याची पद्धत अजून आहे. त्यामागची श्रद्धा मी समजू शकतो. एकेकाळी दुसरा उपायही नव्हता. पण सुजणाऱ्या हातावर आवळलेली बांधणी आतला दाब वाढवते, रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि बोटे कायमची आकडून बसतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्येच या व्यंगाचे वर्णन केले होते. पट्टी कोणीही बांधलेली असो, अगदी रुग्णालयातले प्लास्टर असले तरी, वेदना वाढत गेली, बोटे ताणताच मूल ओरडू लागले किंवा बोटे निळसर झाली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच जावे.

सहावी पायरी: हळूहळू येणारी दुखणी ओळखा

पडल्याचे सगळ्यांना दिसते. अतिवापराने येणारे दुखणे मात्र कोणालाच दिसत नाही, आणि मूल संघातून वगळले जाईल या भीतीने तेही लपवते. म्हणून ‘काही दुखतंय का?’ असे विचारण्याऐवजी जिना उतरताना, सकाळी अंथरुणातून उठताना आणि सरावानंतर त्याची चाल पाहावी.

आठ ते चौदा वर्षांच्या धावपटू मुलांत टाचेच्या मागे दुखते. ते १९१२ मध्ये सेव्हर यांनी वर्णन केलेले, टाचेच्या वाढणाऱ्या भागाचे दुखणे होय. त्याहून थोड्या मोठ्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, टेंगूळ येऊन दुखते. त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. १९०३ मध्ये या दोघांनी ते स्वतंत्रपणे नोंदवले. घट्ट मांडीचा स्नायू गुडघ्याखालच्या कोवळ्या हाडाला पुन्हा पुन्हा ओढतो, हे त्याचे कारण. ही दोन्ही दुखणी वाढ पूर्ण झाली की बहुधा थांबतात. तोवर उड्या आणि धावणे कमी करणे, मांडी-पोटरी ताणण्याचे आणि बळकट करण्याचे व्यायाम, टाचेखाली मऊ गादी, यावर भागते. खेळ पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते. वेदना किरकोळ असेल, मूल लंगडत नसेल आणि दुसऱ्या सकाळी वेदना उरली नसेल, तर खेळू द्यावे. यांतले काहीही बिघडले तर भार कमी करावा.

काही दुखण्यांकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नये. दहा ते सोळा वयाचे, विशेषतः वजनदार मूल लंगडते, गुडघा दुखतो म्हणते, पण गुडघ्यात काहीच सापडत नाही. अशा वेळी दोष जांघेतल्या सांध्यात असू शकतो. मांडीच्या हाडाचे डोके वाढपट्टीवरून घसरत असते. त्याला चालवत न नेता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. दोन्ही पायांत संध्याकाळी येणारे आणि सकाळी मुळीच न उरणारे दुखणे वाढीच्या वयात सामान्य असते. पण एकाच पायात, एकाच जागी, झोपेतून उठवणारे दुखणे, सूज किंवा ताप असेल तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून थांबू नये.

वेगवान गोलंदाजाची कंबर हा वेगळाच विषय आहे आणि क्रिकेटवेड्या आपल्या राज्यात तो प्रत्येक पालकाला माहीत असायला हवा. चेंडू सोडताना कणा एकाच वेळी मागे वाकतो, बाजूला झुकतो आणि पिळला जातो. हजारो वेळा असे झाल्यावर कमरेच्या मणक्याच्या मागच्या कडीला सूक्ष्म तडा जातो. प्रौढ वयात डेनिस लिली आणि जसप्रीत बुमराह यांनाही या दुखापतीने मैदानाबाहेर बसवले. कोवळ्या मणक्याला ती अधिक सहज होते. पाठ मागे वाकवल्यावर कमरेच्या एका बाजूला, बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला दुखणे, ही तिची खूण. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने म्हणूनच मर्यादा घातल्या: १३ वर्षांखालील गोलंदाजाने एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटके, १५ वर्षांखालील गोलंदाजाने ६ आणि १२ षटके. मुंबईत चौदा वर्षांखालील गाइल्स ढाल ही शालेय क्रिकेट स्पर्धा खेळणाऱ्या मुलाला सोळा वर्षांखालील हॅरिस ढालीतही उतरवले जाऊ शकते. तिथेही त्याच्या स्वतःच्या वयाची मर्यादाच धरावी.

आहाराबद्दल थोडेच. १३ ते १५ वर्षांच्या मुलांना भारतीय शिफारशीनुसार दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, तीळ, राजगिरा आणि १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी ही त्याची आपली साधने. खेळाडू मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ‘सरावामुळे होते’ असे म्हणून सोडू नये. पोटाला कमी पडत असल्याची आणि हाडे ठिसूळ होत असल्याची ती खूण असू शकते. हे तिने निःसंकोच सांगावे असे वातावरण संघात एखाद्या बाईंनी तयार करायला हवे.

सातवी पायरी: परत मैदानावर

तारखेवरून ठरवू नका. सांधा दुसऱ्या बाजूइतका हलतो, बळ जवळपास सारखे आहे, एका पायावर दहा उड्या न दुखता मारता येतात आणि मुलाच्या चेहऱ्यावर भीती नाही, हे पाहून ठरवा. क्रम असा ठेवावा: चालणे, सरळ धावणे, वळणे घेत धावणे, एकट्याने खेळाचे कौशल्य, संघासोबत सराव, शेवटी सामना. प्रत्येक टप्पा किमान एक दिवस द्यावा आणि पुढच्या सकाळी दुखले तर एक टप्पा मागे यावे.

कमरेच्या तड्यातून उठलेल्या गोलंदाजाला याहून बराच जास्त वेळ लागतो. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ गोलंदाजी बंद राहते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, उभ्या जागेवरून, अर्ध्या ताकदीने बारा-पंधरा चेंडू पुरे. दर आठवड्याला थोडे वाढवावे, धाव नंतर जोडावी आणि पूर्ण वेग सर्वांत शेवटी. या काळात मुलाला संघापासून तोडू नये. गुणफलक लिहिणे, क्षेत्ररक्षणाचा हलका सराव आणि झेल यांत त्याला सामावून घ्यावे. वहीत चेंडूंच्या आकड्यापुढे दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे, आणि त्याने ‘दुखते’ असे लिहिले त्या दिवशी त्याला रागावू नये.